शांत समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये चार दिवस करायचं काय?

आधी भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्या. बहुतेक किनाऱ्यांवर पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते आणि ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. खरी मजा ओहोटीला. खडकांतल्या डबक्यापाशी उकिडवे बसा आणि दोन मिनिटं अजिबात हलू नका. निर्जीव वाटणारा शंख हळूच पाय काढून चालू लागतो. आत खेकड्याने बिऱ्हाड थाटलेलं असतं! (म्हणूनच शंख गोळा करून आणू नका.) पोहताना पाणी आत ओढू लागलं, तर किनाऱ्याकडे झटू नका, आधी किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा. अमावस्येच्या आसपास गेलात तर रात्री वाळूवर आडवं पडून तारे बघा. पुस्तकं? मी तीन नेली होती, एकही उघडलं नाही.