'ॲब्सेंट' म्हणजे दर वेळी 'गैरहजर' नव्हे

'ॲब्सेंट एनी ॲग्रीमेंट टु द कॉन्ट्ररी' अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या कलमाचे भाषांतर आपण 'विरुद्ध करार गैरहजर असल्यास' असे केले, तपासनिसाने ते परत पाठवले आणि आता नेमके काय चुकले, असे आपण विचारत आहात. चूक व्याकरणाची आहे. येथे 'ॲब्सेंट' हे विशेषण नाहीच. नामाच्या आधी येऊन तो शब्द आपल्या शब्दयोगी अव्ययाचे काम करतो. हा वापर अमेरिकी वकिली इंग्रजीत रुळला आणि तेथून करारनाम्यांत सर्वत्र पसरला. म्हणून 'याहून वेगळे काही ठरलेले नसल्यास' असे सरळ लिहावे.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'अबेसे' या क्रियापदात आहे. 'अब' म्हणजे दूर आणि 'एसे' म्हणजे असणे. मराठीत 'असणे'च्या जोडीला 'नसणे' हे स्वतंत्र क्रियापद आहे, ही आपली मोठी सोय आहे; तरीही भाषांतर करताना आपण ते विसरतो आणि विशेषणाला विशेषणच हवे असा हट्ट धरतो. 'गैरहजर' आणि 'अनुपस्थित' हे शब्द माणसांसाठी आहेत, तेही जेथे हजेरी अपेक्षित आहे अशा ठिकाणी. वर्गातला मुलगा गैरहजर असतो, साक्षीदार सुनावणीला अनुपस्थित राहतो, रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा पडतो; करार, लक्षण किंवा पुरावा यांना मात्र कोणी हजेरीला बोलावलेले नसते.

वैद्यकीय कागदपत्रांत हा घोळ मी वारंवार पाहतो. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली लहान हातोडीने हलकेच ठोकतात, पाय झटकन पुढे उडायला हवा, तो उडत नाही आणि अहवालात 'नी जर्क ॲब्सेंट' अशी नोंद होते. एका भाषांतरात मी तिचे 'गुडघ्याचा झटका गैरहजर' असे रूप वाचले आणि रुग्णाच्या नातेवाइकांना त्यातून काय कळले असेल, या विचाराने अस्वस्थ झालो. 'गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडत नाही' एवढे लिहिले असते तर घरातल्या कोणालाही समजले असते.

'मिसिंग' या शब्दाशीही याची गल्लत होऊ देऊ नये. 'मिसिंग' माणूस बेपत्ता असतो आणि 'मिसिंग' कागद गहाळ झालेला असतो, म्हणजे त्यांचा शोध घेणे भाग असते. 'ॲब्सेंट' माणूस घरी तापाने झोपलेला असू शकतो आणि ते सर्वांना ठाऊकही असते.

'ॲब्सेंटी' या शब्दाबाबत महाराष्ट्रातील वाचकांनी विशेष सावध राहावे. आपल्या महाविद्यालयांत 'प्रेझेंटी लागली' आणि 'ॲब्सेंटी लागली' असे सर्रास म्हणतात, त्यामुळे तो हजेरीपटावरील नोंदीचा शब्द वाटतो. इंग्रजीत मात्र त्याचा उच्चार शेवटच्या 'टी'वर जोर देऊन होतो आणि अर्थ 'गैरहजर असलेली व्यक्ती' असा आहे. 'ॲब्सेंटी लँडलॉर्ड' म्हणजे स्वतः दुसरीकडे राहून कुळाकडून खंड घेणारा जमीनमालक. 1948 च्या कुळकायद्याविषयीच्या इंग्रजी लेखनात हा शब्दप्रयोग भेटला, तर 'गैरहजर जमीनदार' लिहून भागत नाही. 'परगावी राहणारा जमीनमालक' असे लिहिले की चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

शरीराने हजर पण मनाने दूर, अशा माणसाच्या चेहऱ्यालाही इंग्रजीत 'ॲब्सेंट' म्हणतात. त्यासाठी मराठीत 'हरवलेली नजर', 'तंद्री लागणे', 'लक्ष नसणे' असे कितीतरी चांगले पर्याय आहेत. 'विसरभोळा' हा शब्द मी तेथे सहसा वापरत नाही, कारण विसरणे ही पुढची गोष्ट झाली. लक्षच नव्हते, ही आधीची.

विशेषणात जोर पहिल्या अक्षरावर असतो, तर मुद्दाम गैरहजर राहणे या अर्थाच्या क्रियापदात तो 'सेंट'वर जातो. विशेषणानंतर 'फ्रॉम' येते. 'ॲब्सेंट इन द मीटिंग' हे 'सभेत गैरहजर'चे शब्दशः रूपांतर आहे, ते टाळावे.