रिव्ह्यू लिहिण्याआधी एवढं बघ

प्रिय,

रोमान्स, थ्रिलर आणि हॉरर कादंबऱ्यांवरचे तुझे तिन्ही रिव्ह्यू वाचले. भाषा छान आहे गं तुझी, कुठे अडखळायला होत नाही, पण तिन्हीकडे तू एकच फूटपट्टी लावलीयेस, स्टोरी, कॅरेक्टर्स, एंडिंग आणि खाली स्टार. असं नाही चालत. प्रत्येक जॉनर, म्हणजे कादंबरीचा प्रकार, वाचकाला वेगळा शब्द देऊन बसलेला असतो, तो पाळला का हे आधी बघायचं.

रोमान्सबद्दल तू लिहिलंयस, 'शेवट आधीच कळतो'. अगं कळणारच! अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने व्याख्याच तशी केलीये, प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. मग तू बघायचंस ते हे की दोघं तिथवर पोचले कसे, मधला दुरावा खरा वाटला का, की एका फोनने मिटला असता असा गैरसमज शंभर पानं ताणलाय. आणि पुस्तक जे म्हणून विकलं जातंय तेच आहे का, हेही सांग. कॉलीन हूवरची 'इट एंड्स विथ अस' २०१६ ची, टिकटॉकवरच्या वाचकांमुळे २०२१ मध्ये परत धडाधड खपायला लागली, कव्हरवर गुलाबी फुलं, आणि आत नवऱ्याची मारहाण आहे. फुलं बघून उचलणाऱ्या मुलीला हे आधी कळायला हवं, ज्या घरात हे घडलंय तिथल्या मुलीला तर नक्कीच. इथे स्पॉयलरची, म्हणजे गोष्ट आधीच फुटेल याची, भीती बाळगू नकोस.

थ्रिलरमध्ये मात्र तोंडाला कुलूप. 'ट्विस्ट भारी आहे' एवढंही लिहू नकोस, कारण मग वाचणारा पहिल्या पानापासून तोच शोधत बसतो आणि मजा गेली. रचनेबद्दल लिही ना. 'गॉन गर्ल'मध्ये (२०१२) एक चॅप्टर नवऱ्याचा, एक बायकोच्या डायरीचा, आणि प्रत्येक चॅप्टरगणिक आपण बाजू बदलत राहतो. एवढं सांगितलंस तरी वाचक पुस्तक उचलतो आणि काही फुटतही नाही.

हॉररवर मला तुझ्याशी खरं भांडायचंय. 'फारशी भीती वाटली नाही' हा काय रिव्ह्यू झाला? कुठे वाटली, कुठे विरली, पान शोधून काढ. सिल्विया मोरेनो-गार्सियाची 'मेक्सिकन गॉथिक' (२०२०) घे. १९५० च्या दशकातलं मेक्सिको, नुकतंच लग्न झालेल्या चुलतबहिणीचं विचित्र पत्र येतं म्हणून नोएमी डोंगरातल्या त्या घरी जाते, घर इंग्रज कुटुंबाचं, चांदीची खाण बंद पडलेली. आणि तिथे नियम काय, तर जेवताना बोलायचं नाही. बस, काट्याचमच्यांचा आवाज आणि सगळे गप्प. अजून भूतबित काही नाही आलेलं, तरी तिथेच पोटात गोळा येतो, कारण बाहेरून आलेल्या मुलीला या घरात तोंड उघडायचीसुद्धा मुभा नाही हे आपल्याला तिथे समजतं. लग्न होऊन सासरी गेलेल्या कुठल्याही बाईला विचार, तिला हे समजावून सांगावं लागणार नाही. असा एक प्रसंग धरून भीती कशातून तयार झाली ते उलगडलंस की स्टार द्यायची गरजच उरत नाही. आणि नंतर ती भीती पातळ झाली असं वाटलं तर तेही बिनधास्त लिही, फक्त कुठून ते दाखव.

आता हॉररचाच रिव्ह्यू आधी परत लिही, स्टार न देता, आणि रविवारपर्यंत पाठव. थ्रिलरचा त्यानंतर बसून बघू.

तुझी,
ताई