आधी आपल्या वाडीतली कुलपं मोज

अगं, तुझा मेसेज वाचला, प्रोजेक्टला स्थलांतर घेतलंयस आणि सुरुवात सीरियाच्या निर्वासितांपासून करणार म्हणतेस. कर की, पण त्याआधी आपल्या वाडीतली घरं मोज, किती बारमाही उघडी नि किती नुसती शिमग्या-गणपतीला उघडतात ते.

आपले लोक मुंबईला काय हौसेने नाही गेले, भात एकदाच पिकायचं, बाकी सगळा कातळ, आणि तिकडे गिरण्यांना माणसं हवी होती. आता त्या गिरण्या काढायला मुंबईत एवढा पैसा आला कुठून ते पण बघ, १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना, मग आपल्या कापसाचा भाव असा चढला की इथले व्यापारी गब्बर झाले, आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर भाव कोसळून बँकासुद्धा बुडाल्या. कुठली अमेरिका नि कुठलं आपलं संगमेश्वर!

बाप्ये गेले, बायका मागे राहिल्या. लावणी, गुरं, म्हातारी माणसं सगळं त्यांच्यावर, आणि डोळे पोस्टमनच्या वाटेला. माझी आय मनीऑर्डरच्या पावत्या तांदळाच्या डब्यात जपून ठेवायची, का ते मी कधी विचारलंच नाही, तू मात्र असलं सगळं विचार. मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार, आणि पावत्या यायच्या थांबल्या. वाण्याची उधारी वाढली, काही पोरांच्या शाळा सुटल्या. हे सगळं मुंबईच्या संपाच्या हिशोबात कोणी धरत नाही बघ.

आणि आता आपल्या हापूसच्या बागा राखतं कोण? नेपाळी. मच्छीमार बोटींवर खलाशी पण तेच. त्यांच्या गावातली बाकीची पोरं आखातात नाहीतर मलेशियात, म्हणजे तिकडेही कुलपंच. तरी 'बाहेरचे फार वाढले' म्हणून कुरकुरतात ते आपलेच लोक, ज्यांचे आजे लालबाग-परळच्या एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपले.

एप्रिलमध्ये ये. प्रश्नावली बिश्नावली आणू नकोस, गुरखा म्हणून हाक मारू नकोस, नाव विचार. खालच्या बागेत एक जोडपं असतं, त्यांची पोरगी झेडपीच्या शाळेत जाते, मराठी तुझ्यापेक्षा खणखणीत बोलते. आधी तिच्याशीच बोल.