क्लायमेट पॉलिसीत सामान्य माणसाचं काय काम?

प्रश्न: हवामान बदल हा सायन्सचा विषय आहे, मग धोरण ठरवताना सामान्य लोकांना कशाला विचारायचं? त्यांना त्यातलं काय कळतं?

उत्तर: तापमान किती वाढेल, कार्बन किती कमी करायला हवा हे शास्त्रज्ञच सांगणार, त्यावर मतदान घेता येत नाही. पण ते कमी करताना कोणाच्या खिशाला किती झळ बसावी, आधी गाड्यांवर बंधनं आणायची की विमानांवर, हा प्रश्न सायन्सचा नाहीच, तो न्यायाचा आहे, आणि तिथे ज्याला ते भोगायचंय त्याला विचारायलाच हवं असं मला अगदी मनापासून वाटतं.

फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनावरच्या करावरून लोक रस्त्यावर उतरले, त्यानंतर सरकारने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे १५० नागरिक निवडले, वय, शिक्षण, गाव-शहर सगळं बघून. २०१९-२० मध्ये ते कित्येक वीकेंड एकत्र बसले, तज्ज्ञांना उलटसुलट प्रश्न विचारले आणि १४९ शिफारशी दिल्या. म्हणजे कळत नाही हे खरं नाही, वेळ आणि नीट माहिती दिली की कळतं!

खरी अडचण पुढे येते. जिथे ४ तासांत ट्रेनने जाता येतं तिथली देशांतर्गत विमानं बंद करा असं ते म्हणाले होते, कायद्यात ते अडीच तास झालं. अशी काटछाट करायची असेल तर निदान कारण तरी त्या लोकांना समोर बसवून सांगावं, आणि हे सुरुवातीलाच लेखी ठरलेलं असावं.