कळ काढायची तयारी

प्रिय मुली,

तुझा पाच पानी ‘बर्थ प्लॅन’ दोनदा वाचला. खोलीत दिवा किती मंद असावा, गाणी कोणती लावावीत, बाळाचा पहिला फोटो कुणी काढावा, सगळं आहे त्यात. मध्यरात्री तीन वाजता तुझी कंबर कोण दाबणार, तेवढं मात्र राहिलंय. तिसावा आठवडा चालू आहे म्हणतेस, म्हणजे अजून वेळ आहे. म्हणून हे पत्र.

तू लिहिलंयस, “मावशी, मला एपिड्यूरल, ते कमरेतून देतात ते कळा बधिर करणारं इंजेक्शन, नको. तुमच्या काळी बायका कशा करायच्या ते सांगा.” वाचून हसू आलं. आमच्या काळी बायकांना कुणी विचारलंच नाही. मी १९८६ साली ग्रामीण रुग्णालयात सिस्टर म्हणून रुजू झाले तेव्हा आमच्याकडे भूलतज्ज्ञ यायचे ते नसबंदीच्या कॅम्पला. एपिड्यूरल आम्ही पुस्तकात वाचलेलं. फार तर फोर्टविन-फेनर्गनचं इंजेक्शन, त्याने बाई अर्धवट गुंगायची आणि कळ आली की दचकून उठायची. त्या बायकांनी सोसलं ते दुसरा इलाजच नव्हता म्हणून. तुला इलाज आहे आणि तू तो बाजूला ठेवते आहेस. म्हणून ‘पूर्वी सगळ्या करतच होत्या’ हे कुणी म्हणालं, तुझ्या आईनेसुद्धा, तरी त्यावर भिस्त ठेवू नकोस.

आधी एपिड्यूरलबद्दल खरं काय ते ऐक. त्याने सीझरची शक्यता वाढत नाही. जन्मभराची कंबरदुखी लागते हेही खरं नाही, पण ते तुला प्रत्येक डोहाळजेवणात ऐकायला मिळेल. त्याने होतं काय, तर शेवटचा जोर लावायचा टप्पा थोडा लांबतो, बाळ बाहेर ओढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ जरा जास्त येते, आणि बहुतेक ठिकाणी बाईला पलंगावरच राहावं लागतं. न घेण्यातला खरा फायदा हा शेवटचा आहे: तू उठू शकतेस, फिरू शकतेस, हवी तशी वाकू शकतेस. तेव्हा एपिड्यूरल नाकारून दिवसभर उताणी झोपून राहणार असशील, तर तू फायदा सोडून फक्त दुखणं पदरात घेतलंस असं मी म्हणेन.

आता कळांचा हिशोब. आम्ही लेबर रूममध्ये कळा दहा मिनिटांवर मोजतो. रंगात आलेल्या बाळंतपणात दहा मिनिटांत साधारण तीन-चार कळा, एकेक चाळीस ते साठ सेकंदांची. तीन कळा पन्नास सेकंदांच्या धर, झाली अडीच मिनिटं. उरलेली साडेसात मिनिटं दुखत नाही. पहिलटकरीण हीच साडेसात मिनिटं घालवते, पुढची कळ येईल या धास्तीने अंग आवळून बसते आणि दमते. तू या मधल्या वेळेची तयारी कर. कळ गेली की खांदे खाली, जबडा सैल, एक घोट पाणी, डोळे मिटून घे. माझ्यासमोर बायका दोन कळांच्या मध्ये घोरल्या आहेत, खोटं सांगत नाही.

याची तालीम घरी होते. फ्रीजमधला बर्फाचा खडा मुठीत धर, नवऱ्याला मिनिट लावायला सांग. पहिल्यांदा वीस सेकंदांत टाकशील. मग श्वास नाकाने घे आणि तोंडाने लांब, सावकाश सोड, घेण्यापेक्षा सोडणं लांब. मिनिट निघून जातं. बर्फ म्हणजे कळ नव्हे, ते मलाही कळतं, पण दुखताना श्वास कुठे अडकतो ते तुझं तुला समजेल. रोज दहा मिनिटं पुरे. तू ज्या लमाझ क्लासला पैसे भरलेस ना, तेही मुळात हेच आहे. लमाझ हे फ्रेंच डॉक्टर. १९५१ मध्ये सोव्हिएत संघात गेले, तिथल्या बायका श्वासाच्या तालमीवर बाळंत होताना पाहिल्या आणि ते पॅरिसला घेऊन आले. क्लास जरूर कर, पण घरी तालीम केली नाहीस तर फीचा उपयोग मैत्रिणी जमवण्यापुरताच.

बाकी घरगुती सल्ल्यांपैकी एरंडेल अजिबात घेऊ नकोस, जुलाबांनी गळून जाशील. तूप खा, पण आवडतं म्हणून खा. ते बाळाची वाट निसरडी करत नाही, कमरेवर चढतं. चौतीस-पस्तीस आठवड्यांपासून खालच्या भागाला तेल लावून हलकी मालिश केली तर पहिल्या बाळंतपणात फाटणं आणि टाके कमी होतात, यात तथ्य आहे. डॉक्टरना विचारून कर. वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा अंगावर रक्त जात असेल तर नको.

मी स्वतः हे कुणाकडून शिकले ते सांगते. थंडीचे दिवस, साखर कारखान्याचा हंगाम. एका ऊसतोड कामगार बाईला कोपीवरून ट्रॅक्टरमध्ये घालून आणलं होतं. तिसरी खेप. टेबलावर घेतली की कळ आल्याबरोबर उतरायची, खिडकीचे गज धरून उकिडवी बसायची आणि डुलत डुलत घशातून खोल ‘हूंऽऽ’ करायची. मी ओरडले, “वर चढ गं, तमाशा नको!” ती म्हणाली, “बाई, ही कळ जाऊ द्या, मग चढते.” गेली की खरंच चढायची. पुढची आली की परत खाली. तिसऱ्या वेळी मी हात टेकले आणि फरशीवर चादर अंथरली. पाऊण तासाच्या आत बाळ माझ्या हातात, एक टाका नाही. मी तिला ओरडले याची लाज वाटायला मला पुढची काही वर्षं लागली. आमच्या लेबर रूममध्ये तेव्हा ओरडणं हा कामाचाच भाग होता. ‘करताना कळलं नाही का’ इथपर्यंत बोलणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत, आणि गप्प बसलेय.

ती बाई जे करत होती त्याला कारण आहे. उताणं झोपलं की गर्भपिशवीचा सगळा भार पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, आणि माकडहाड गादीत दाबलं जाऊन त्याला मागे सरकायला जागा उरत नाही. उकिडवं बसलं, पुढे वाकलं, ओणवं झालं की वाट मोकळी होते. कंबरेतच कळा येत असतील, कधी कधी बाळाची पाठ तुझ्या पाठीकडे असली तरी येतात, तर हातापायांवर ओणवी हो. दमलीस तर कुशीवर झोप. आणि आवाज कर, पण खालच्या पट्टीतला. किंचाळी वरच्या पट्टीत जाते तेव्हा जबडा आवळतो, आणि जबडा आवळणारी बाई सगळं अंगच आवळून धरते. जात्यावर बसणाऱ्या बायकांना हा ताल अंगवळणी होता. तुला ऑफिसच्या खुर्चीतून उठून तो कमवावा लागेल.

आता सोबत. सरकारी दवाखान्यांतसुद्धा बाळंतिणीजवळ एक बाईमाणूस सोबतीला असू द्यावं, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलंय. त्याआधी आम्ही नातेवाइकांना दारातच अडवायचो. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत आपल्या पसंतीची सोबत, हिंडणं-फिरणं, धोका नसेल तर खाणं-पिणं, हे सगळं स्पष्ट लिहिलंय. पण सोबत म्हणजे नुसतं माणूस नव्हे. निवृत्तीनंतर काही वर्षं मी एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी केली. तिथे एका मुलीचा नवरा फोनवरच्या अ‍ॅपवर कळा मोजत होता. “गेल्या वेळेपेक्षा दहा सेकंद जास्त,” असं जाहीर करायचा. चौथ्या वेळी तिने तो फोन भिंतीवर मारला. मग तिची सासू आत आली, साताऱ्याकडची, चौथी शिकलेली. काही विचारलं नाही. मागे बसली, तळहाताची टाच माकडहाडाच्या जरा वर, त्या सपाट हाडावर टेकवली आणि खांद्यातून भार दिला. कळ चढताना गप्प. उतरायला लागली की हळूच, “गेली बघ, गेली, गेली.” इतकंच, पाच तास. तुझ्या पाच पानांत ही सासू बसव. नवरा असेल, आई असेल, मैत्रीण असेल, पण तिचं काम तिला आधी ठाऊक पाहिजे. कळ चालू असताना तुला प्रश्न विचारायचा नाही, हे पहिलं.

डॉक्टर निवडताना बिचकू नकोस. तुझ्या देवळासारख्या शांत लेबर रूमची चौकशी नंतर. आधी विचार की कळा चालू असताना मला उठू देता का, की बाळाचे ठोके मोजणारा पट्टा सतत लावून झोपवता? धोका नसलेल्या बाळंतपणात ठरावीक वेळाने ठोके ऐकले तरी चालतात. बाळाची वाट मोठी करायला खालचा छेद सगळ्यांनाच देता का? पहिलटकरणींत सीझर किती होतात? हा प्रश्न उद्धट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली सत्तेचाळीस बाळंतपणं सीझरने झालेली दिसतात, सरकारीत चौदा. आणि शेवटचं, रात्री भूलतज्ज्ञ आवारात असतात की बोलवावे लागतात? तुला एपिड्यूरल नको असलं तरी हे विचारच. अडचण आली तर ते लागतात, आणि तुझं मन बदललं तरी लागतात.

दवाखान्यात फार लवकर जाऊ नकोस. पिशवीचं तोंड एक-दोन बोटं उघडलेलं असताना दाखल झालीस की सगळे घड्याळाकडे बघू लागतात आणि कळा वाढवणारी सलाईनची बाटली येते. पूर्वी आम्ही चार सेंटिमीटरपासून बाळंतपण रंगात आलं असं धरायचो, आता पाचपासून धरतात, आणि पहिल्या खेपेला तिथून पुढे बारा तासही लागू शकतात. आधीचा वेळ घरी काढ, कोमट पाण्याने अंघोळ कर, पेज खा. कळा पाच मिनिटांवर, मिनिटभराच्या, आणि असं तासभर चाललं की नीघ. तू हिंजवडीत राहतेस आणि दवाखाना पेठेत, तेव्हा संध्याकाळी सहाची वेळ असेल तर माझा तासभर विसर आणि आधीच नीघ. पाणी गेलं, त्यातही हिरवट गेलं, रक्त गेलं, किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट बघायचीच नाही.

तुझ्या कागदावर ‘कोणतंही औषध नको’ असं मोठ्या अक्षरात आहे. ते खोड. बाळ बाहेर आल्यावर मांडीत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन देतात, ते रक्तस्राव आवरायला असतं. कळा सोसण्याशी त्याचा संबंध नाही. ते घ्यायचंच. बाळंतपणानंतरचं रक्त मी पाहिलंय, पाच मिनिटांत बाई पांढरी पडते. टाके घालायची वेळ आली तर जागा बधिर करून घ्यायची, तिथे सोसून कुणाचं भलं होत नाही. मागायचंच असेल तर नाळ लगेच कापू नका, एक ते तीन मिनिटं थांबा, आणि बाळ माझ्या छातीवर द्या, हे माग.

आणि एक वेळ अशी येईल की तू थरथरशील, कदाचित ओकशील, नवऱ्याला शिव्या देशील, “मला नाही जमत, सीझर करा” म्हणशील. जवळजवळ प्रत्येकीला ही वेळ येते, आणि बहुतेक वेळा तेव्हा तोंड आठ-नऊ सेंटिमीटर उघडलेलं असतं, म्हणजे काठ दिसत असतो. तेवढ्यासाठी नवऱ्याशी एक शब्द ठरवून ठेव. नुसतं ‘नको, नको’ म्हणालीस तर त्याने कंबर दाबत राहायचं. तो ठरलेला शब्द उच्चारलास तर मुकाट जाऊन सिस्टरला सांगायचं, समजूत घालायची नाही.

तो शब्द वापरावा लागला तर वापर. विशेषतः बीपी वाढलं, दिवस उलटले, आणि औषधाने कळा आणाव्या लागल्या तर. सलाईनच्या कळा अंगावर धावून येतात, मधली विश्रांती कमी होते, आणि मी वर मांडलेला साडेसात मिनिटांचा हिशोब मोडतो. हिशोब मोडल्यावरही हट्ट धरलेल्या मुली मी पाहिल्या. दोन दोन वर्षं त्या बाळंतपणाबद्दल बोलायच्या नाहीत. बीपीसाठी तर काही वेळा डॉक्टर स्वतःच एपिड्यूरल सुचवतात.

तर पाच पानांचं अर्धं पान कर, मोठ्या अक्षरात, मराठीत. रात्रपाळीची सिस्टर ते चष्मा न शोधता वाचू शकली पाहिजे.

चौतिसाव्या आठवड्यात एखाद्या रविवारी नवऱ्याला घेऊन ये, आणि जमलं तर सासूबाईंनाही. कंबर कशी दाबायची ते दाखवते. त्याला म्हणावं नखं कापून ये, आणि फोन घरी ठेव.

तुझी,
मावशी