हार्ड डिस्क लावली, दिवा लागला, पण कॉम्प्युटरमध्ये दिसतच नाही

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे २ टीबीची छोटी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. लॅपटॉपला लावली की मस्त चालते, पण घरच्या जुन्या डेस्कटॉपला लावली की नुसता दिवा लागतो, आतून टिक टिक आवाज येतो आणि मग बंद, माय कॉम्प्युटरमध्ये काहीच येत नाही. एकदा मेसेज आला की ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा, मी घाबरून कॅन्सल केलं. त्यात मुलीचे लहानपणापासूनचे सगळे फोटो आहेत आणि दुसरीकडे कुठेच नाहीत. विंडोज १० आहे. काय करू?

उत्तर : कॅन्सल केलंत ते फार चांगलं केलंत. त्या मेसेजचा अर्थ एवढाच की विंडोजला डिस्कवरची फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची मांडणी, वाचता आली नाही, फोटो गेले असा नाही. पण त्याला हो म्हटलं असतं तर मात्र पंचाईत होती. क्विक फॉरमॅट फक्त पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं असतं, आतली पानं बऱ्यापैकी परत मिळवता येतात, पण क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट केलं तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोज अख्ख्या डिस्कवर शून्य लिहित जातात आणि मग कुणीही काही परत आणू शकत नाही.

आता पहिलं काम. डेस्कटॉपचं राहू द्या बाजूला. लॅपटॉपवर डिस्क चालतेय ना, मग आजच तिथे लावा आणि फोटो लॅपटॉपमध्ये किंवा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या, कॉपी झाल्यावर पाच-दहा फोटो उघडून पण बघा. एकच प्रत असलेले फोटो घेऊन पोर्ट आणि केबलचे प्रयोग करायचेच नाहीत, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि परत परत सांगत राहणार. एक्स्टर्नल डिस्कवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण कॉम्प्युटरमधून काढून तिथे हलवलं तर प्रत एकच राहिली ना, फक्त जागा बदलली.

फोटो सुरक्षित झाले की मग डेस्कटॉपकडे या. तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका आहे ती पॉवरची. अडीच इंची छोट्या डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, ती सगळी वीज यूएसबीच्या वायरीतूनच घेते, आणि आतली तबकडी थांबलेली असताना फिरायला सुरू होते तेव्हा सगळ्यात जास्त करंट लागतो. यूएसबी २.० च्या पोर्टने नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर द्यायचा असतो, ३.० च्या पोर्टने ९००. तुमच्या लॅपटॉपला बहुतेक ३.० आहे, जुन्या डेस्कटॉपला २.० असणार. त्यात आपण सगळे सोयीचं म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावतो, तो पोर्ट आतून एका बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेला असतो आणि तिथे आणखी थोडा व्होल्टेज पडतो. मग दिवा लागतो कारण दिव्याला काय लागतं, पण तबकडी पूर्ण वेग घेत नाही, डिस्क परत परत प्रयत्न करते आणि तोच टिक टिक आवाज येतो.

म्हणून डिस्क कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा. आतला प्लास्टिकचा तुकडा निळा असेल तर तो बहुधा ३.० चा पोर्ट, तो मिळाला तर उत्तमच. मध्ये हब, एक्स्टेन्शन काही नको, डिस्कबरोबर आलेली आखूड केबलच वापरा. तेवढ्याने नाही झालं तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. दोन यूएसबी टोकं असलेली वाय केबल पण मिळते, दोन पोर्टमधून वीज घेते, चालते, पण माझी पसंती अडॅप्टरवाल्या हबला. आणि साडेतीन इंची मोठी डिस्क असलेल्यांसाठी एक सूचना, तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतोच, आणि पिन बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर कधी लावू नका, डिस्कवरचा सर्किट बोर्ड जळू शकतो.

समजा आवाज थांबला, डिस्क नीट फिरतेय तरी दिसत नाही, तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे खाली डिस्क दिसते आहे, निळी पट्टी आहे पण ड्राइव्हचं अक्षर (डी, ई असं) नाही, असं असेल तर पट्टीवर राइट क्लिक करून चेंज ड्राइव्ह लेटर मधून एखादं मोकळं अक्षर द्या, झालं काम, डेटाला धक्का लागत नाही. पण तिथे रॉ, अनअलोकेटेड किंवा नॉट इनिशियलाइज्ड, म्हणजे विंडोजला डिस्कवरची मांडणी ओळखता येत नाही असं लिहिलेलं असेल तर विंडोज जे काही विचारेल त्याला ओके करू नका, नवीन व्हॉल्यूम बनवू नका. आणि लॅपटॉपवर पण टिक टिक सुरू झाली तर डिस्क लगेच काढा आणि परत लावून बघू नका, मग तो आवाज पॉवरचा नाही, तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या आतल्या हेडचा असू शकतो, आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर तबकडीवर ओरखडे पडायची भीती असते. अशा डिस्कवर चेक डिस्क (विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्रॅम) चालवणं म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणं, ते करू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या.

प्रश्न : डिस्कवर अर्ध्याहून जास्त जागा रिकामी आहे तरी एक ६ जीबीची व्हिडिओ फाइल कॉपी होत नाही, फाइल खूप मोठी आहे म्हणतो. बाकी फाइल जातात. डिस्क खराब आहे का?

उत्तर : नाही, डिस्क ठणठणीत आहे. ती फॅट ३२ या जुन्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेली असणार आणि फॅट ३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालतच नाही, जागा कितीही असो. फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस करा. मॅकवर पण लावायची असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण आपणहून त्यावर लिहित नाही. एक्सफॅटची एक कमजोरी लक्षात ठेवा, त्यात एनटीएफएससारखं जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं, म्हणजे कॉपी चालू असताना केबल खेचली तर गडबड व्हायची शक्यता जास्त. फॉरमॅट करण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

प्रश्न : लॅपटॉप बंद पडलाय, चालूच होत नाही. त्याची हार्ड डिस्क काढून घरच्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडता येईल का?

उत्तर : येईल, आणि बऱ्याचदा डेटा मिळतोच. आधी कनेक्टर बघा. इंग्रजी एल आकाराच्या दोन चपट्या पट्ट्या असतील तर ती साटा, अडीच इंची साटा केसिंग, म्हणजे डिस्क आत बसवून यूएसबीने जोडायची डबी, घ्या. बारीक पिनांच्या दोन रांगा असतील तर ती जुनी आयडीई, तिचं केसिंग वेगळं. च्युइंगगमच्या कांडीएवढी एम.२ पट्टी असेल तर ती साटा आहे का एनव्हीएमई (जोडणीचे दोन वेगळे प्रकार) हे तिच्यावरच्या लेबलवर बघून मगच केसिंग घ्या, नाहीतर पट्टी बसेल पण दिसणार नाही. जोडल्यावर युझर फोल्डरवर परमिशन नाही असं आलं तर कंटिन्यू दाबा आणि थांबा, फाइल जास्त असतील तर वेळ लागतो. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, की मागितली तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागेल, ती बहुतेक वेळा त्या लॅपटॉपवर वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. ती की नसेल तर मात्र डिस्क चांगली असूनही आतलं काही वाचता येणार नाही.

प्रश्न : डिस्क काढण्याआधी सेफली रिमूव्ह दरवेळी करायलाच पाहिजे का? मित्र म्हणतो आता गरज नाही.

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर आहे. २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून क्विक रिमूव्हल हे डिफॉल्ट आहे, म्हणजे विंडोज लिहायचं काम मेमरीत साठवून ठेवत नाही, लगेच डिस्कवर लिहितं. तरी फिरणाऱ्या हार्ड डिस्कला मी करतोच, कारण एखादा प्रोग्रॅम मागे काही लिहित असेल तर तो तिथे कळतो. डिव्हाइस वापरात आहे म्हणून नकार आला तर उघडे फोल्डर, व्हिडिओ प्लेअर बंद करून बघा, तरी ऐकत नसेल तर कॉम्प्युटर शट डाउन करून मग केबल काढा. आणि काढल्यावर तबकडी थांबेपर्यंत काही सेकंद डिस्क उचलू नका.

प्रश्न : १ टीबीची नवीन डिस्क लावली तर ९३१ जीबीच दाखवते, फसवलं का?

उत्तर : नाही. कंपनी १ टीबी म्हणजे १ वर बारा शून्य एवढे बाइट धरते, विंडोज १ जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ बाइट धरतं, भागाकार केला की ९३१ येतात. तीच डिस्क मॅकला लावली तर जवळजवळ पूर्ण १ टीबी दिसेल.