सेमी-स्लिक टायर रोजच्या वापराला आणि ट्रॅकला, दोन्हीकडे चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला खारघर, ऑफिस ऐरोलीला, गाडी फोक्सवॅगन व्हर्टस 1.5, आणि जानेवारीत चेन्नईच्या ट्रॅकवर पहिल्यांदाच ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेसट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, जायचंय. टायरवाला म्हणतो, "सेमी-स्लिक टाका साहेब, ऑफिसलाही तेच, ट्रॅकलाही तेच." हे कितपत खरं?

अर्धं खरं आहे. सेमी-स्लिक म्हणजे रस्त्यावरही चालवता येणारा, पण मुळात ट्रॅकसाठी बनवलेला, कमी खाचांचा मऊ टायर. दिवाळीपासून मे संपेपर्यंत ऑफिसला जायला ते चालतील, कुरकुर कराल ती आवाजाची आणि खिशाची. जून लागला की नाही. आणि खारघरहून तेच टायर रेटत चेन्नईला न्यायचे आणि तिथे उतरवायचे ट्रॅकवर, हा बेत मला अजिबात पटत नाही. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. गाडी जुनी पोलो आहे आणि तिला चाकांचे दोन संच आहेत, एक रोजचा, एक ट्रॅकचा. त्या जोरावर लिहितोय.

दुकानात गेलात तर आधी टायर हातात घेऊन बघा. साध्या नव्या टायरला खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात, सेमी-स्लिकला पाच-सहाच. मधोमध एक-दोन सरळ चर, आणि बाहेरची कड जवळजवळ गुळगुळीत, मोठे मोठे सलग ठोकळे. कारण उघड आहे. वळणात सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो, तिथे लहान तुकडे असले तर ते वाकतात, वाकले की तापतात आणि फाटतात. साइडवॉल अंगठ्याने दाबून बघितली तर दाद देत नाही. रबर मात्र मऊ. साइडवॉलवर 'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा असतो: साध्या टायरला 300-400, सेमी-स्लिकपैकी योकोहामा ए052 ला 200, टोयो आर888आर ला 100. आकडा जितका लहान तितका टायर लवकर झिजणार. पण हा आकडा ज्याची त्याची कंपनी स्वतःच ठरवते. त्यात अमेरिकेतल्या काही हौशी स्पर्धांमध्ये 200 च्या खालचा टायर चालत नाही, त्यामुळे बरेच जण बरोब्बर 200 लिहून मोकळे होतात. दोन कंपन्यांच्या 200 ची तुलना करत बसू नका.

परदेशी व्हिडिओंमध्ये या टायरांची मुख्य भीती थंडीची दाखवतात. सात अंशांखाली रबर लाकडासारखं होतं वगैरे. आपल्याला त्याचं काय? खारघरच्या टेकडीखाली जानेवारीच्या पहाटेही इतकी थंडी पडत नाही. कोरड्या रस्त्यावर, आपल्या हवेत, सेमी-स्लिक थंड असतानाही चांगल्या रोड टायरइतका धरतो. त्याहून जास्त जे काही त्यात आहे ते निघतं रबर 70-80 अंशांच्या पुढे तापल्यावर, आणि तेवढं तापवायला सलग जोरदार ब्रेक आणि सलग जोरदार वळणं लागतात. ठाणे-बेलापूर रोडच्या सिग्नलांमध्ये ते होत नाही. पाम बीचवर रात्री करून बघणारे आहेत, त्यांच्याबद्दल इथे न लिहिलेलं बरं. म्हणजे जो गुण विकत घेतला तो रोजच्या वाटेवर बाहेरच येत नाही, झीज मात्र रोज होते. कॉंक्रीटचा रस्ता तर मऊ रबर कानशीसारखा घासतो, आणि सायन-पनवेलवर कॉंक्रीटच्या पट्ट्यात शिरलात की आतमध्ये जी घरघर सुरू होते, ती फोनवर बोलू देत नाही. स्टिअरिंगही चाकोरी धरतं. जड ट्रकांनी दाबलेल्या पट्ट्यात गाडी आपणहून डावी-उजवीकडे ओढते, दोन्ही हात लागतात.

खड्ड्यांचं वेगळं सांगायला नकोच. पेव्हर ब्लॉकने बुजवलेल्या खड्ड्याची कड वर आलेली असते. साधा टायर तिथे दबून जातो, कडक साइडवॉल दबत नाही, धक्का सरळ रिमला आणि सस्पेन्शनला जातो. आणि साइडवॉलला एकदा फुगा आला की तो टायर गेला. ट्रॅकवर तर तसला टायर चुकूनही न्यायचा नाही.

आता पाऊस. इथे मी कोणाचं ऐकत नाही. हिशेब करून बघा: रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलंय, तुम्ही 80 ने चाललाय, टायरची जमिनीला टेकलेली रुंदी धरा 18 सेंटिमीटर. एका चाकाला दर सेकंदाला बारा लिटर पाणी बाजूला सारायचंय, जवळपास एक बादली. ते पाणी जायला वाट खाचांचीच. खाचा कमी आणि उथळ, तर पाणी खाली अडकतं, टायर त्यावर चढतो, आणि मग ब्रेक काय, स्टिअरिंग काय, सगळं शोभेचं. नवा सेमी-स्लिक पाच मिलिमीटरचा. चार-सहा महिने ऑफिसला घासून तो येतो तीनवर. कायद्याने कारला किमान खोली 1.6 मिलिमीटर, त्यामुळे पोलीस काही म्हणणार नाही आणि टायर गोटाही दिसणार नाही, पण जुलैत उड्डाणपुलाच्या उतारावर जिथे पाणी पसरून वाहतं तिथे तो गोट्यासारखाच वागेल. ओल्या रस्त्यावर पाणी साचलेलं नसेल तर ए052 सारखा टायर मऊ रबरामुळे बरा धरतो, हे मान्य. म्हणूनच फसायला होतं. शंभर मीटर छान धरून चाललेला टायर एकशे एकाव्या मीटरला डबकं आलं की काहीच न सांगता सोडतो. या टायरांचे उत्पादक स्वतःच बजावून सांगतात की साचलेल्या पाण्यात वेग कमी करा, तेव्हा दुकानदाराने 'काही होत नाही' म्हटल्याने काही सिद्ध होत नाही.

बरं, ट्रॅक. मद्रासचा ट्रॅक श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला आहे, 3.7 किलोमीटरचा, बारा वळणांचा. तिथे मात्र हे टायर काय चीज आहे ते कळतं. पहिला लॅप, म्हणजे ट्रॅकचा एक फेरा, हळू, टायर आणि ब्रेक तापवायला. दुसऱ्या-तिसऱ्या लॅपला गाडी अचानक अंगात आल्यासारखी वळते, ब्रेक दाबायची जागा पुढे सरकते, वळणातून बाहेर पडताना पुढची चाकं जागच्या जागी गरगरायची थांबतात. आणि पाचव्या-सहाव्याला, चेन्नईच्या दुपारी, सगळं तूप लावल्यासारखं वाटू लागतं. टायर जास्त तापला. अशा वेळी आणखी जोर लावणारे खूप बघितले. एक लॅप शांत चालवा आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेत, या.

पिटमध्ये आल्या आल्या, चहाच्या आधी, हवा बघायची. टायरमधली हवा तापली की दर सहा-सात अंशांना साधारण एक पीएसआय वाढतो. म्हणजे सकाळी 33 भरून गेलात तर गरम टायरमध्ये 39-40 सापडतील, टायर मधोमध फुगून त्याचा मधला पट्टाच टेकणार. बहुतेक सेमी-स्लिक गरम असताना 32 ते 36 मध्ये चांगले चालतात, म्हणून सकाळी 28 च्या आसपास सुरुवात करून पुढे गरम आकड्यावरच लक्ष ठेवायचं. स्वतःचा गेज न्या, पंपावरच्या यंत्रावर भरवसा नको. (नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो. फरक पडतो तो हवेतल्या ओलाव्याने.)

दुसरी गोष्ट खडूची. सत्राआधी टायरच्या कडेवर, नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे, पांढऱ्या खडूने आडवी रेघ ओढा. कडेवर लहानसे त्रिकोण कोरलेले असतात. परत आल्यावर रेघ त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसलेली असेल तर ठीक. त्याच्याही खाली साइडवॉलवर पुसली असेल तर टायर अंगावर लोळतोय, हवा कमी आहे किंवा वळणात तुम्ही स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवताय. रेघेचा अर्धा भाग तसाच असेल तर हवा जास्त. मग चारही चाकं हाताने चाचपा. हा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो, उजवी वळणं जास्त, त्यामुळे डावं पुढचं चाक सगळ्यात आधी मरतं. तुमच्या गाडीला पुढे कॅम्बर (चाकाचा वरून आत असलेला कल) जवळपास नाहीच, म्हणजे त्या चाकाची बाहेरची कड खरवडल्यासारखी दिसेल, आतली नवीकोरी. ते बघून टायरला शिव्या देऊ नका, त्याला उभं धरणारी भूमितीच नाही. पृष्ठभागावर चिकटलेले रबराचे गोळे आणि खडी दिसेल, तीही नेहमीचीच. गरम टायर वाटेत येईल ते उचलतो.

आणखी एक, ज्यामुळे मी चेन्नईपर्यंत चालवत नेण्याच्या विरुद्ध आहे. असा टायर मिलिमीटर संपण्याआधी तापून-थंड होऊन संपतो. दर वेळी तापला की रबर थोडं कडक होतं. खाचा शिल्लक दिसतात, नख रुततच नाही. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत तेराशे किलोमीटर सरळ हायवेवर त्याचा मधला भाग झिजवायचा, रबर दोन दिवस उन्हात भाजायचं, आणि उरलेल्यावर ट्रॅक करून पुन्हा तेराशे किलोमीटर घरी यायचं. परतताना अवकाळी पाऊस लागला तर तो बोनस.

म्हणून माझं स्पष्ट मत: पहिला ट्रॅक डे चांगल्या रोड टायरवरच करा, नवीन नसला तरी निम्म्याहून जास्त शिल्लक असलेल्या. रोड टायर सुटायच्या आधी किंचाळतो, हळूहळू घसरतो, चूक कुठे झाली ते शिकवतो. सेमी-स्लिक जास्त वेगाला धरतो आणि सुटतो तेव्हा तोंड न उघडता. लॅपमागे दोन-चार सेकंद मिळतील, पण ते कोणाचे, तुमचे की टायरचे, हे पहिल्या दिवशी कळणार नाही. त्या पैशात ब्रेक करा. टायर जितका धरतो तितकाच ब्रेक तापतो. नवं डॉट 4 ब्रेक फ्लुइड 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या जुन्याची हद्द 155 पर्यंत खाली येते. दोन पावसाळे जुनं फ्लुइड घेऊन गेलात तर चौथ्या लॅपला पेडल जमिनीला टेकेल, मग टायर कुठलाही असो. फ्लुइड बदला, पॅड बघा.

पुढच्या वर्षी चटक लागलीच तर दुसरा संच करा. व्हर्टसची पीसीडी (बोल्टच्या भोकांची मांडणी) 5x100, म्हणजे पाच बोल्ट 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर, जुन्या पोलोची आणि व्हेंटोचीही तीच, त्यामुळे वापरलेले 16 इंची अलॉय कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पोलोवाल्यांकडे मिळून जातात. ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतं ते) बघा आणि रिम ब्रेकला घासत नाही ना ते आधी लावून बघा. रिम सोपं, टायर अवघड. जून 2020 पासून टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही, त्यामुळे जे मिळतं ते महाग, आणि काही वेळा वर्षानुवर्षं गोदामात पडलेलं. साइडवॉलवर चार अंकी तारीख असते, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. इतका जुना सेमी-स्लिक फुकट मिळाला तरी घेऊ नका. आयएसआयची खूण आहे का तेही बघा.

मागची सीट पाडली की चार चाकं व्हर्टसमध्ये बसतात, दोन डिकीत, दोन पुढे, खाली जुनी चादर. सोबत जॅक, टॉर्क रेंच, बोल्ट 120 न्यूटन मीटरला. पहिल्या सत्रानंतर बोल्ट पुन्हा तपासा. विम्याचं विचारलं नाहीत तरी सांगतो, पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, ट्रॅकवर ठोकलीत तर खर्च घरचा.

संच परत आणल्यावर बाल्कनीत उन्हात ठेवू नका, रबर तडकतं. हवा थोडी कमी करून, प्रत्येक चाक काळ्या पिशवीत बांधून, आडवं. पार्किंगमध्ये ठेवायला आमच्या सोसायटीची हरकत आहे, त्यामुळे माझी चार पलंगाखाली आहेत, आणि त्यावर घरात जे बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.